फडाचा संसार रस्त्यावर, धोरण मात्र सभागृहात

जानेवारी २०२५ मध्ये 'कोल्डप्ले' या ब्रिटिश वाद्यवृंदाचे तीन कार्यक्रम नवी मुंबईत आणि दोन अहमदाबादेत झाले. अहमदाबादच्या कार्यक्रमांसाठी पश्चिम रेल्वेने मुंबईहून विशेष गाड्या सोडल्या. त्याच महिन्याच्या २८ तारखेला भुवनेश्वर येथील गुंतवणूक परिषदेत पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी या कार्यक्रमांचा दाखला दिला आणि 'कॉन्सर्ट इकॉनॉमी'साठी लागणाऱ्या पायाभूत सोयी व कौशल्ये यांकडे राज्यांनी व खासगी क्षेत्राने लक्ष द्यावे, असे आवाहन केले. फिरत्या कलाकारांचा संच गावोगावी जातो तेव्हा त्याच्याबरोबर वाहतूक, वीज, मंडप, खानपान आणि मजुरी यांचे एक अर्थकारण चालत असते, हे या निमित्ताने देशाच्या सर्वोच्च व्यासपीठावरून मान्य झाले.

महाराष्ट्राला ही गोष्ट नवी नाही. दसऱ्याला सीमोल्लंघन करून बाहेर पडणारा आणि वैशाख सरताना घरी परतणारा तमाशाचा फड हे अशा अर्थकारणाचे आपल्या मातीतील जुने उदाहरण. मात्र जी वाहतूक, वीज आणि मजुरी कोल्डप्लेच्या बाबतीत 'अर्थव्यवस्था' ठरते, ती फडाच्या बाबतीत 'लोककलेची दुरवस्था' या एकाच सदरात टाकली जाते. त्यामुळे उपायही तेवढेच सुचतात: पुरस्कार, महोत्सव, अनुदान आणि सभागृहातील सत्कार. फडाचे खरे प्रश्न रंगमंचावर नसून दोन मुक्कामांमधल्या रस्त्यावर आहेत. ते कलेपेक्षा श्रमाचे, कर्जाचे, शाळेचे आणि विम्याचे अधिक आहेत. ही गफलत दूर झाल्याशिवाय तमाशा जगवण्याच्या घोषणांना अर्थ राहणार नाही.

फिरता कारखाना

तमाशाचे दोन प्रमुख प्रकार आहेत. संगीत बारी ही कला केंद्रांत, म्हणजे ठरलेल्या जागी चालते. प्रेक्षक तिच्याकडे येतात. ढोलकीचा फड मात्र प्रेक्षकांकडे जातो. मोठ्या फडात शंभर ते दीडशे माणसे असतात. नृत्यांगना, सोंगाड्या, ढोलकी आणि हलगी वाजवणारे, झीलकरी, वगातील राजा आणि प्रधान ही त्यातली दिसणारी माणसे. न दिसणारी माणसेही जवळपास तितकीच असतात. तंबू उभारणारे कामगार, वाहनचालक, जनरेटर आणि दिवे सांभाळणारा, स्वयंपाकी, तिकीट फाडणारा, आणि पुढचा मुक्काम ठरवण्यासाठी एक-दोन दिवस आधी निघालेला व्यवस्थापक. लोखंडी सांगाडे, फळ्या, कनाती, पडदे, ध्वनिक्षेपक, पेट्या आणि भांडीकुंडी घेऊन मालमोटारींचा ताफा चालतो. हा एक चाकांवरचा कारखानाच आहे. तो रोज उभा राहतो आणि रोज मोडतो.

या कारखान्याचे वर्ष दोन भागांत विभागलेले असते. दसऱ्यापासून साधारण होळी-पाडव्यापर्यंत तंबूतले, तिकिटावरचे खेळ होतात. गावोगावच्या यात्रा, ऊरूस आणि आठवडे बाजार पाहून मुक्काम ठरतो. पाऊस आला, गावात कुणी वारले, शेजारच्या गावात दुसरा फड लागला, की त्या रात्रीचा गल्ला बुडाला. खर्च मात्र ठरलेला असतो. चैत्र लागला की दुसरा भाग सुरू होतो. गावची यात्रा समिती ठरावीक रकमेची सुपारी देऊन फड बोलावते आणि गावाला खेळ फुकट दाखवते. या सुपाऱ्यांची मोठी बाजारपेठ म्हणजे पुणे-नाशिक महामार्गावरील नारायणगाव. पाडव्याच्या आगेमागे तेथे फडांच्या राहुट्या लागतात, फलक झळकतात, आणि पुणे, नगर, नाशिक, ठाणे अशा जिल्ह्यांतील यात्रा समित्यांचे पुढारी राहुटी-राहुटी फिरून घासाघीस करतात. चैत्र पौर्णिमा आणि त्यानंतरची कालाष्टमी या तारखांना मागणी सर्वाधिक, कारण अनेक गावांच्या भैरवनाथाच्या आणि अन्य ग्रामदैवतांच्या यात्रा तेव्हाच असतात. नावाजलेल्या फडाची सुपारी लाखाच्या कितीतरी पुढे जाते. ठरलेल्या रकमेतला काही भाग इसार म्हणून हातात पडतो, उरलेला खेळाच्या रात्री.

यात्रेच्या दिवसांतला फडाचा दिनक्रम शहरी वाचकाला कल्पनेबाहेरचा वाटेल. रात्री एका गावी खेळ. मध्यरात्रीनंतर तो आटोपला की कामगार लगेच फळ्या उतरवू लागतात. अनेक गावांत दुसऱ्या दिवशी सकाळी तमाशाची 'हजेरी' असते. ग्रामदैवतासमोर कलाकारांनी पुन्हा उभे राहायचे, आणि दुपारी तिथेच कुस्त्यांचा आखाडा भरायचा. हजेरी संपवून फड निघतो तो थेट पुढच्या गावी, कारण तिथेही त्याच रात्री खेळ असतो. झोप मिळते ती गाडीत, सामानावर टेकून. नव्या गावात पोचल्यावर पहिला शोध पाण्याचा. शंभर माणसांच्या आंघोळीची, स्वयंपाकाची आणि विशेषतः स्त्रियांच्या शौचाची सोय काय, हे सुपारीच्या बोलणीत क्वचितच निघते. गावाच्या शाळेची खोली मिळाली तर ठीक. नाहीतर झाडाखाली राहुटी आणि ओढ्याचा आडोसा. संध्याकाळी त्याच मुली रंग लावून, पाच किलो घुंगरांचे ओझे पायात बांधून उभ्या राहतात.

विठाबाई नारायणगावकर यांची हकिकत महाराष्ट्रात अनेकदा सांगितली जाते. दिवस भरलेले असताना त्या बोर्डावर नाचत होत्या; कळा आल्या तेव्हा पडद्यामागे गेल्या, प्रसूत झाल्या, दगडाने नाळ तोडली आणि पुन्हा रंगमंचावर आल्या. ही कथा आपण कलानिष्ठेची पराकाष्ठा म्हणून सांगतो आणि गहिवरतो. पण ती दुसऱ्या बाजूनेही वाचायला हवी. त्या रात्री फडात सुईण नव्हती, रजा नव्हती आणि खेळ थांबवण्याची सोय नव्हती. राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव झालेल्या या कलावतीची अखेरची वर्षे आर्थिक ओढगस्तीत गेली. २००२ मध्ये त्यांचे निधन झाले आणि पुढे त्यांच्याच नावाने राज्य शासन जीवनगौरव पुरस्कार देऊ लागले. त्यांच्याआधी पठ्ठे बापूराव (१८६६-१९४५) यांच्या वाट्यालाही वेगळे काही आले नव्हते. लावणीचा हा सम्राट अखेरीस विपन्नावस्थेत गेला. हयातीत हलाखी आणि पश्चात गौरव हा क्रम इतक्या वेळा घडला आहे की त्याला योगायोग म्हणता येत नाही. तो व्यवसायाच्या रचनेतच आहे.

उचलीचे गणित

या रचनेचा पाया म्हणजे 'उचल'. हंगाम सुरू होण्यापूर्वी कलाकार आणि कामगार फडमालकाकडून आगाऊ रक्कम घेतात. पावसाळ्याचे चार-पाच महिने फड बंद असतो. घरखर्च, आजारपण, मुलीचे लग्न, घराची डागडुजी याच रकमेतून भागते. दसऱ्याला माणूस फडावर येतो तो आधीच देणेकरी होऊन. हंगामभर त्याच्या पगारातून उचल वळती होते. हिशेब मिटला नाही तर बाकी पुढच्या हंगामावर जाते आणि त्याच फडाशी बांधिलकीही जाते.

येथे मालकाला खलनायक ठरवून मोकळे होणे सोपे आहे, पण वस्तुस्थिती तशी नाही. शंभर माणसांची उचल द्यायला मालकाकडे तरी भांडवल कुठले? तो खासगी सावकाराकडे जातो. बँकेला देण्यासारखे त्याच्याकडे तारण नसते. गाड्या जुन्या, तंबू झिजलेला, आणि पुढच्या चैत्रात मिळणाऱ्या सुपाऱ्या अजून कागदावर आलेल्या नसतात. सावकार मात्र त्याच संभाव्य सुपाऱ्यांच्या भरवशावर चढ्या व्याजाने पैसे देतो आणि पाडव्यानंतर वसुलीला उभा राहतो. थोडक्यात, तंबूतील पाच महिने फड कसाबसा तग धरतो आणि चैत्र-वैशाखातील पन्नास-साठ दिवसांत वर्षाचे देणे फेडतो. या दिवसांपैकी चांगल्या तारखा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या असतात. त्या हुकल्या तर सावरायला पुढे काहीच नसते.

गेल्या दशकभरात त्या किती वेळा हुकल्या, हे पाहण्याजोगे आहे. ८ नोव्हेंबर २०१६ रोजी पाचशे आणि हजाराच्या नोटा रद्द झाल्या तेव्हा फड बाहेर पडून जेमतेम चार आठवडे झाले होते. रोख तिकिटावर चालणाऱ्या तंबूला त्याची झळ लागणे अटळ होते. मग २०२० आले. देशव्यापी टाळेबंदीचा पहिला दिवस होता २५ मार्च, आणि तोच गुढीपाडव्याचा दिवस. ज्या दिवशी नारायणगावात वर्षाचे सौदे व्हायचे, त्या दिवशी सारा देश बंद झाला. पुढच्या वर्षी पाडवा १३ एप्रिलला होता. त्याच संध्याकाळी राज्यात नव्या निर्बंधांची घोषणा झाली आणि दुसऱ्या दिवशी रात्री ८ वाजता ते लागू झाले. लागोपाठ दुसरा चैत्र गेला. खेळ बंद असलेल्या त्याच २०२१ च्या मे महिन्यात तमाशाची एक मोठी पिढी जगलेल्या कांताबाई सातारकर यांचे निधन झाले. राज्यातील कोरोना निर्बंध उठले ते २ एप्रिल २०२२ रोजी, तेही पाडव्यालाच. तीन पाडवे, आणि दोन वर्षांची उचल अंगावर घेऊन बसलेला एक व्यवसाय. राज्य सरकारने एकल कलाकारांना दिलेली प्रत्येकी ५,००० रुपयांची एकरकमी मदत चांगल्या हेतूने दिलेली होती, परंतु दोन हंगामांच्या कर्जापुढे ती किती पुरणार होती?

महासाथ शतकातून एकदा येते असे म्हणावे, तर निवडणूक दर पाच वर्षांनी येते. २०१४, २०१९ आणि २०२४ या तिन्ही वर्षी लोकसभेच्या मतदानाचे महाराष्ट्रातील टप्पे एप्रिलमध्ये, २०२४ मध्ये तर २० मेपर्यंत चालले. म्हणजे नेमके यात्रांचे दिवस. आचारसंहितेत रात्री १० नंतर ध्वनिक्षेपकाबाबत प्रशासन अधिक कडक असते, पोलीस बंदोबस्तात गुंतलेले असतात, आणि ५० हजारांहून अधिक रोकड जवळ असेल तर तपासणी नाक्यावर तिचा हिशेब द्यावा लागतो. सुपारीची उरलेली रक्कम मध्यरात्री रोखीने घेऊन पुढच्या गावी निघालेल्या व्यवस्थापकाकडे कोणता कागद असणार? यात निवडणूक यंत्रणेचा दोष नाही. पण वेळापत्रक आधी माहीत असूनही फडांसाठी कुठलीच व्यवस्था आखली जात नाही, हे खरे. २०२९ मध्येही हेच होईल.

निसर्गाचे तडाखे याहून वेगळे. २०२५ चा दसरा २ ऑक्टोबरला होता. त्याआधी सप्टेंबरात अतिवृष्टीने मराठवाड्यासह राज्याच्या अनेक भागांतील खरीप धुऊन नेला. शेतकऱ्याचे पीक गेले की त्याच्या यात्रेची वर्गणी आटते. शेतकऱ्यासाठी पंचनामा होतो. त्या शेतकऱ्याच्या वर्गणीवर जगणाऱ्याच्या नुकसानीचा पंचनामा करण्याची रीत नाही.

रात्री दहाचा प्रश्न

फडाच्या गणितात आणखी एक आकडा आहे, तो घड्याळाचा. केंद्राच्या २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये हे निर्बंध उचलून धरले. सांस्कृतिक वा धार्मिक सणांसाठी वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देण्याचा अधिकार राज्य सरकारला आहे.

नियमाच्या हेतूविषयी वाद असू नये. आजारी माणसाला, परीक्षेच्या विद्यार्थ्याला आणि पहाटे शेतावर जाणाऱ्याला झोपेचा हक्क आहे. कर्णकर्कश 'डीजे'ने गावांनाही जेरीस आणले आहे. पण या नियमाचा तमाशाच्या घडणीवर झालेला परिणाम समजून घेतला पाहिजे. तमाशाचा क्रम ठरलेला असतो: आधी गण, मग मावशी-पेंद्याची गवळण, बतावणी, रंगबाजी आणि शेवटी वग. गावची मंडळी कामे आणि जेवणे उरकून मैदानात जमतात तेव्हा नऊ वाजून गेलेले असतात. मध्यरात्री खेळ बंद करायचा म्हटले तरी कात्री लागते ती शेवटच्या भागाला, म्हणजे वगाला. वगातच तमाशाचे नाट्य असते. सोंगाड्याची हजरजबाबी, राजाच्या दरबारात रयतेने विचारलेले खोचक प्रश्न, चालू राजकारणावरचा शेरा हे सारे तिथे घडते. तो आखडला की उरतात गाणी आणि नाच. आणि केवळ गाणी-नाचच हवे असतील, तर ध्वनिमुद्रित संगीतावर चार-सहा नर्तिकांचा कार्यक्रम यात्रा समितीला कितीतरी स्वस्तात मिळतो. मग शंभर माणसांचा फड कशाला बोलवायचा? तमाशा सवंग झाला, नुसती चित्रपटगीते उरली, अशी तक्रार शहरातील रसिक करतात. त्या तक्रारीत तथ्य असेलही. परंतु सवंगतेकडे ढकलणाऱ्या कारणांपैकी एक कारण घड्याळ आहे, हे त्यांच्या गावीही नसते.

१५ दिवसांची यादी जिल्हा पातळीवर ठरते आणि तीत गणेशोत्सव, नवरात्र अशा सर्वत्र एकाच वेळी येणाऱ्या सणांचा वाटा मोठा असतो. यात्रांची गोष्ट वेगळी. प्रत्येक गावाची यात्रा वर्षातून एकदा असते, पण प्रत्येकाची तारीख निराळी. जिल्ह्याच्या यादीत ती बसत नाही. मग पर्याय उरतो तो स्थानिक पातळीवरच्या तडजोडीचा. कुठे कानाडोळा, कुठे अचानक बंदी. ज्या गावाचा पुढारी वजनदार तिथे खेळ चालतो, इतरत्र पडदा पडतो, आणि वग अर्धाच राहिला म्हणून सुपारीची रक्कम कापून घेण्याची भाषा सुरू होते.

पत्ता नसलेली माणसे

याहून गंभीर बाब मुलांची. आई फडावर गेली की मूल आजीकडे राहते, नाहीतर आईबरोबर गाडीत. शाळेचे वर्ष जूनमध्ये सुरू होते आणि ऑक्टोबरमध्ये फड बाहेर पडतो. वार्षिक परीक्षा येते तेव्हा फड सर्वाधिक वेगाने फिरत असतो. रोज नवे गाव असल्याने 'जिथे असेल तिथल्या शाळेत' बसवण्याचा तोडगाही इथे चालत नाही. डॉ. किशोर शांताबाई काळे यांच्या 'कोल्हाट्याचं पोर' या १९९४ मधील आत्मकथनाने तमाशाच्या दुनियेतील मुलाचे आईपासून तुटणे आणि बापाच्या नावावाचून शाळेत होणारी कुचंबणा मराठी वाचकांसमोर उघडी केली. ते जग संगीत बारीचे होते, फडाचे नव्हे. पण आई कलेत आणि मूल टांगणीवर ही स्थिती दोन्हीकडे सारखीच. त्या पुस्तकाला तीन दशके उलटून गेली तरी हा प्रश्न मुळापासून सुटलेला नाही.

स्त्रियांच्या सुरक्षिततेचेही तसेच. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात कामानिमित्त गेलेली कोणतीही जागा आणि त्यासाठी पुरवलेले वाहनही 'कामाचे ठिकाण' मानले आहे. दहा वा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेत अंतर्गत समिती हवी, आणि ती नसेल तिथे जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे दाद मागता येते. कागदावर हे चोख आहे. पण आज पुणे, उद्या नगर, परवा नाशिक अशा फिरतीत कोणत्या जिल्ह्याच्या समितीकडे जायचे, आणि चौकशीच्या तारखेला फड कुठे असेल? खेळात हुल्लड झाली तर तक्रार करून त्याच गावी थांबण्यापेक्षा रातोरात सामान बांधून निघणे फडाला परवडते. कारण पुढच्या रात्रीची सुपारी बुडवून चालत नाही.

प्रवासाचा धोका तर रोजचाच. सामान आणि माणसे एकाच मालमोटारीतून जातात. मालवाहू गाडीत बसलेल्या माणसाला अपघातानंतर विम्याची भरपाई मिळवणे कायद्याने अवघड आहे, आणि जागरणाने तांबारलेल्या डोळ्यांचा चालक रात्रीच्या रस्त्यावर असतो. शेवटी म्हातारपण. ज्येष्ठ साहित्यिक व कलावंतांच्या मानधनाची राज्याची योजना आहे. २०२४ मध्ये ते मानधन सरसकट दरमहा ५,००० रुपये करण्यात आले, हे स्वागतार्हच. पण त्यासाठी कलाक्षेत्रातील दीर्घ योगदानाचा पुरावा लागतो. ज्याने तीस वर्षे फडात तंबूच्या खुंट्या ठोकल्या किंवा झील धरली, त्याचे नाव ना कात्रणात असते ना कुठल्या प्रमाणपत्रात.

उसाच्या फडाकडून शिकावे

महाराष्ट्रात आणखी एका कामाला 'फड' म्हणतात: ऊसतोडणीचा. साम्य केवळ शब्दाचे नाही. ऊसतोड कामगारही दसरा-दिवाळीच्या सुमारास घर सोडतो, तोही उचल घेऊन, आणि त्याच्या मुलांची शाळाही हंगामाबरोबर सुटते. पण तिथे काही हालचाल झाली आहे. लोकनेते गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ उभे राहिले आणि त्यासाठी कारखान्यांकडून गाळपाच्या टनामागे १० रुपये घेण्याचे ठरले. कामगारांच्या मुला-मुलींसाठी २०२१ मध्ये संत भगवानबाबा वसतिगृह योजना आली, तीत ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहांचा संकल्प आहे. अंमलबजावणी मंद असल्याच्या तक्रारी रास्त असतील. पण 'हे हंगामी स्थलांतरित श्रमिक आहेत' हे तरी सरकारने मान्य केले. तमाशा कलावंताकडे मात्र सरकार फक्त कलावंत म्हणून पाहते. ऊसतोड कामगार लाखोंच्या संख्येत आहेत, त्यांच्या मतांना वजन आहे. तमाशाचे कलावंत विखुरलेले आणि मोजके, शिवाय त्यांपैकी बहुतेक भटक्या आणि दलित समाजांतून आलेले. १९४८ मध्ये मुंबई सरकारने अश्लीलतेच्या कारणावरून तमाशावर बंदी घातली होती. ती उठली, पण 'हे सुधारायचे वा सत्कारायचे लोक आहेत' ही दृष्टी टिकून राहिली.

उपाय फार खर्चिक नाहीत. सांस्कृतिक कार्य विभाग तमाशा फडांना भांडवली खर्च आणि प्रयोगांसाठी अनुदान देतो. त्याच अनुदानाला तीन अटी जोडाव्यात. फडाने प्रत्येक माणसाची, कलाकाराची आणि कामगाराचीही, हंगामी हजेरीवही ठेवावी. हंगामाचा सामूहिक अपघात विमा काढावा. आणि उचलीचा हिशेब लेखी द्यावा. विम्याचा हप्ता अनुदानातून वळता झाला तर मालकावर बोजा पडणार नाही. हीच हजेरीवही पुढे मानधनासाठी पुरावा मानली जावी. हजेरीच्या नोंदी झाल्या की असंघटित कामगारांच्या 'ई-श्रम' नोंदणीचा आणि तिला जोडलेल्या योजनांचा दरवाजाही उघडेल.

दुसरे, कर्जाचे. पाडव्याचे सौदे तोंडी न राहता ठरावीक नमुन्यात लेखी झाले, इसाराची रक्कम बँकेमार्फत दिली गेली, आणि मुक्कामाच्या सोयी व खेळ रद्द झाल्यास भरपाई यांची कलमे त्यात आली, तर तोच करार बँकेपुढे तारण म्हणून ठेवता येईल. शेतकऱ्याला पीककर्ज मिळते तसे फडाला हंगामी कर्ज का मिळू नये? तिसरे, वसतिगृहांचे. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी उभ्या राहणाऱ्या वसतिगृहांत फडाच्या मुलांसाठी काही जागा राखून ठेवायला नवे महामंडळ लागत नाही, एक शासन निर्णय पुरतो. चौथे, घड्याळाचे. १५ दिवसांच्या मर्यादेला धक्का न लावता तिच्यातील काही दिवस यात्रांसाठी, गावाच्या तारखेनुसार वापरण्याची मुभा देता येईल का, हे विधी विभागाने तपासावे. फडांनीही आपल्या बाजूने दोन पावले पुढे यावे. खेळ सूर्यास्ताबरोबर सुरू करणे, वग अडीच तासांत बांधणे आणि ध्वनीची पातळी आटोक्यात ठेवणे त्यांच्या हातात आहे. प्रेक्षकाची सवय बदलायला वेळ लागेल, पण आडरात्री पोलिसांची गाडी येण्यापेक्षा ते बरे.

यावर दोन आक्षेप येतील. एक असा की तमाशाचा काळच सरला. भ्रमणध्वनीवर सारे मनोरंजन फुकट असताना लोक त्याला कशाला येतील? पण मनोरंजन फुकट झाल्यानंतरच जगभर प्रत्यक्ष कार्यक्रमांची किंमत वाढली, हे कोल्डप्लेच्या तिकिटांनी दाखवून दिले आहे. चैत्रातील कालाष्टमीला फड मिळवण्यासाठी यात्रा समित्यांची होणारी धावपळही मागणी संपली नसल्याचेच सांगते. दुसरा आक्षेप असा की नियमांच्या जाचाने उरलेसुरले फडही बंद पडतील. पूर्णवेळ फिरणारे मोठे फड आता थोडेच उरले असल्याने ही भीती अनाठायी नाही. म्हणूनच नियम आधी आणि मदत नंतर असे न करता, जी मदत आज दिलीच जाते तिच्यातून हे घडवावे, असा आग्रह आहे.

फडमालकाच्या मुलाला फड चालवावासा वाटत नाही आणि नर्तिकेला आपल्या मुलीने बोर्डावर उभे राहू नये असे वाटते. या भावनेत कलेचा अनादर नाही. आपण जे सोसले ते पुढच्या पिढीने सोसू नये, एवढीच ती इच्छा आहे. ज्या दिवशी फडावर जाणाऱ्या आईला आपले मूल वसतिगृहात सुरक्षित आहे, अपघात झाला तर घर उघड्यावर पडणार नाही आणि साठीनंतर मानधनाचा कागद हातात आहे याची खात्री मिळेल, त्या दिवशी ती आपल्या मुलीला ढोलकीच्या तालावर पाय धरायला शिकवील की नाही, हे तिला मोकळेपणाने ठरवता येईल. पुढचा दसरा येईल तेव्हा गाड्या पुन्हा भरल्या जातील. त्याआधीच्या पावसाळ्यात, फड बंद असताना आणि माणसे घरी सापडत असताना, निदान हजेरीवहीचे काम तरी सुरू व्हावे.